तीन नावांचे शहर आणि एक खाडी : रेवदंडा ते राजपुरी

#थ्रेड

१/
छत्रपती संभाजीनगरपासून कोकणचा समुद्र रस्त्याने जवळपास चारशे किलोमीटर. त्यामुळे आपल्याकडे इतिहास म्हटले की वेरूळ, देवगिरी, मकबरा, दरवाजे आणि नहरी डोळ्यांसमोर येतात. समुद्राचा इतिहास कोकणचा आणि पठाराचा इतिहास आपला, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. आजच्या थ्रेडमध्ये ही वाटणी कितपत टिकते, ते पाहायचे आहे.

२/
मधले 'फतेहनगर' हे अल्पजीवी नाव सोडले, तर या शहराची तीन नावे ठळक आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये राजधानी वसवली ती खडकी. त्यानंतरचे औरंगजेबाच्या नावाचे औरंगाबाद. आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा. म्हणजे ही तीन नावे एका काळाची नव्हेत. तरीही तिन्हींमागचे इतिहास एका जागी येऊन मिळतात. ती जागा शहरात नाही. ती आहे रायगड जिल्ह्यातील राजपुरीची खाडी.

३/
या जागेकडे जाणारा उत्तम मार्ग किनाऱ्याचा आहे. रेवदंड्याहून निघावे, कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लई, मग काशीद, नांदगाव, मुरूड आणि शेवटी राजपुरी. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला फणसाडचे दाट रान. फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. आजही तिथे शेकरू दिसते. माणसाची वस्ती किनाऱ्याला चिकटलेली आणि तिच्या पाठीशी लगेच डोंगर, असा हा मुलूख आहे.

४/
ओहोटीच्या वेळी इथला काळा खडक उघडा पडतो. हा तोच दख्खनचा बेसॉल्ट, ज्यात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. म्हणजे पठार आणि किनारा यांचे नाते राजे-सुलतानांच्या कितीतरी आधीचे, थेट दगडाचे आहे. माणसांनी ते नाते पुढे घाटवाटांनी जोडले.

५/
त्याचा जुना पुरावा आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली 'पेरिप्लस' ही दर्यावर्दी व्यापाऱ्यांची मार्गदर्शिका पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांची नोंद घेते. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई, असे ती सांगते. त्याच ग्रंथात कोकणच्या बंदरांमध्ये 'सेमिल्ला' हे नाव येते. अभ्यासक ते आजच्या चौलशी जोडतात. सातवाहनांची राजधानी समुद्रापासून दूर होती, पण तिचा माल समुद्रावरच विकला जात होता.

६/
चौल आणि रेवदंडा ही आज शेजारशेजारची, नारळी-पोफळीच्या वाड्यांत बुडालेली शांत गावे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला, तेव्हा हे 'सैमूर' नावाचे भरभराटीचे बंदर होते. हिंदू राजांच्या अमलाखाली मोठी मुस्लिम व्यापारी वस्ती इथे नांदत होती, अशी नोंद त्याने केली आहे. या वस्तीचा धागा पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्या.

७/
१४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. सोबत विकण्यासाठी आणलेला एक घोडा. चौलहून पाली, तिथून घाट चढून जुन्नर, असा त्याचा प्रवास झाला. पावसाळा त्याला जुन्नरला काढावा लागला, आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच ताब्यात घेतला. तो परत मिळवताना निकितीनच्या नाकी नऊ आले. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे तीन दशके आधीची ही गोष्ट आहे.

८/
एका घोड्यावरून एवढे रामायण का घडावे? कारण दख्खनच्या लढाया घोडदळावर चालत आणि युद्धाला लागणारे उत्तम घोडे अरबस्तान-इराणातून समुद्रमार्गे येत. ज्याच्या हाती बंदर आणि बंदरावरून वर चढणारा घाट, त्याच्या हाती घोडा. ज्याच्या हाती घोडा, त्याची फौज टिकणार. बहमनी, निजामशाही, आदिलशाही या पठारावरच्या सत्ता किनाऱ्यासाठी इतक्या का झगडल्या, याचे मोठे उत्तर इथे आहे.

९/
त्याच गलबतांतून माणसेही येत. पूर्व आफ्रिकेतील हबश, म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा प्रदेश. तिथून गुलाम म्हणून विकली गेलेली मुले लाल समुद्र आणि अरबस्तानमार्गे दख्खनमध्ये पोहोचत. 'हबश'वरून 'हबशी' हा शब्द आला. 'सिद्दी' ही त्यांच्यासाठीच रूढ झालेली दुसरी संज्ञा. दख्खनचे सुलतान आणि सरदार त्यांना विकत घेत, युद्धशिक्षण देत आणि फौजेत वाढवत.

१०/
याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक महासागरावर, युरोपीय जहाजे आफ्रिकी माणसांना ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांकडे नेऊ लागली होती. तिथे गुलामी हळूहळू कातडीच्या रंगाला आणि जन्माला कायमची बांधली गेली. दख्खनमधला लष्करी गुलाम मात्र धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा होऊ शके, सरदार होऊ शके, राज्य चालवू शके. म्हणून ही व्यवस्था दयाळू होती, असे नव्हे. मूल आईबापांपासून तुटत होते आणि ते परत जात नव्हते. फरक एवढाच, की इथे पुढची वाट पूर्णपणे बंद नव्हती.

११/
त्या वाटेने सर्वांत वर पोहोचलेला माणूस म्हणजे मलिक अंबर. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याची जहाजे गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली. त्याला जमिनीवरून मछलीपट्टणला जावे लागले, आणि वाटेत त्याने मलिक अंबरची छावणी गाठली. हा हबशी वजीर कधीकाळी मोखाच्या बाजारात ८० गिल्डरना विकला गेला होता, अशी नोंद त्याने करून ठेवली. ज्याची एकेकाळी किंमत ठरली होती, तो आता निजामशाहीचा कर्ता होता.

१२/
निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याने अंबरला विकत घेतले होते. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि छोट्या पथकापासून त्याने सुरुवात केली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबरने राजघराण्यातील मुर्तझाला गादीवर बसवले आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे हे राज्य मोगलांशी लढत जिवंत ठेवले.

१३/
१६१० नंतर खडकी उभी राहिली. भडकल दरवाजा त्याचा. जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. मोगल फौजांनी खडकी जाळली, तरी ती पुन्हा वसली. त्याच्या लष्करात दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने लिहिले आहे. आकडा ऐकीव असला तरी प्रमाण बोलके आहे. त्या दख्खनी फौजेचा कणा मराठा सरदारांचा होता. शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्याच बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत कामी आले.

१४/
आता पुन्हा किनाऱ्यावर या. रेवदंड्यात पोर्तुगीजांना निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये कोट बांधता आला होता. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने तो काढून घेण्यासाठी प्रचंड वेढा घातला, तो फसला. १५९४ मध्ये तर खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्लाही पोर्तुगीजांनी जिंकला. चौलच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना अशी परक्याची तोफ आली. अशा स्थितीत दक्षिणेकडची दंडाराजपुरी निजामशाहीला किती मोलाची वाटली असेल, हे नकाशा समोर ठेवला की लगेच कळते.

१५/
कोर्लईच्या टोकावर उभे राहिले, तर तिन्ही बाजूंनी पाणी दिसते. किल्ल्यात पोर्तुगीज शिलालेख आणि पडके चर्च आहे. १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. पण पायथ्याच्या गावात त्यांच्या भाषेचे एक रूप राहिले. 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', या नावाची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली कोर्लईतील काही ख्रिस्ती कुटुंबे आजही बोलतात. अटलांटिकच्या काठावरच्या लिस्बनमधून निघालेले शब्द अरबी समुद्राच्या काठी मराठीचे व्याकरण पांघरून बसले आहेत. तटबंदीपेक्षा भाषा चिवट असते.

१६/
मुरूड ओलांडून राजपुरीला आलो, की खाडीच्या मुखाशी पाण्यातून थेट उभा राहिलेला जंजिरा दिसतो. 'जंजिरा' हे अरबी 'जझीरा'चे, म्हणजे बेटाचे मराठी रूप. शिवकाळात आणि पेशवाईत ते सामान्यनामासारखे वापरले जाई. जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असे उल्लेख कागदपत्रांत भेटतात. राजपुरीसमोरच्या या एका किल्ल्याला मात्र ते विशेषनाम होऊन चिकटले.

१७/
हबशांच्या आधी इथे कोळी होते. समुद्री लुटारूंपासून बचाव व्हावा म्हणून राम पाटील या कोळी प्रमुखाने बेटावर लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला, असे परंपरा सांगते. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या मिषाने, दारूची पिंपे घेऊन प्रवेश मिळवला आणि मेढेकोट घेतला, हीही परंपराच. कथेचा तपशील बाजूला ठेवला, तरी गाभा महत्त्वाचा आहे : या बेटाचे पहिले ज्ञात रहिवासी राजे नव्हते, मासेमारी करणारी माणसे होती.

१८/
इथे एका प्रचलित समजाकडे वळू. 'मलिक अंबरने जंजिरा बांधला' असे अनेक पोस्टमध्ये दिसते. दगडी किल्ल्याच्या उभारणीसाठी साधारणपणे १५६७ ते १५७१ हा काळ सांगितला जातो. तेव्हा अंबर सत्तेच्या जवळपासही नव्हता. गोंधळ वाढतो तो नामसाधर्म्याने. मलिक अंबरच्या हयातीतच, १६२१ च्या सुमारास, सिद्दी अंबर नावाचा दुसरा हबशी सरदार जंजिऱ्यावर आला. तो जंजिऱ्याच्या सिद्दी सत्तेचा आद्य पुरुष मानला जातो. नाव एक, माणसे दोन.

१९/
मात्र ही दोन माणसे एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. एकच सुलतानी, एकच व्यवस्था. एका हबशाच्या हाती पठारावरची राजधानी होती, दुसऱ्याच्या हाती समुद्रातला किल्ला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि तिचा कोकणातला मुलूख आदिलशाहीकडे गेला. जंजिऱ्याच्या सिद्दींनी आदिलशहाचे नाममात्र वर्चस्व मान्य केले. खडकी मोगलांकडे गेली. १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने तिला स्वतःचे नाव दिले.

२०/
इथून या थ्रेडचा मुख्य प्रश्न सुरू होतो. मलिक अंबर मराठ्यांना सोबत घेऊन मोगलांशी आयुष्यभर लढला. जंजिऱ्याचे सिद्दी मोगलांच्या वतीने मराठ्यांशी लढले. वंश एक, धर्म एक, दख्खनमध्ये येण्याची वाट एक. मग बाजू उलट कशा झाल्या? 'रक्तातच होते' किंवा 'धर्माने धर्माला साथ दिली' ही उत्तरे सोपी आहेत. पण अंबरचे उदाहरण समोर ठेवले, की दोन्ही कोसळतात.

२१/
अधिक पटणारे उत्तर भूगोलाने आणि गरजेने दिलेले आहे. शिवाजी महाराजांनी दंडाराजपुरी आणि किनाऱ्याचा मुलूख घेतला, तेव्हा सिद्दीचे बेट उरले, पण धान्य आणि महसूल देणारी जमीन गेली. किल्ल्याला बाहेरचा आधार हवा होता. आदिलशाही स्वतःच खिळखिळी झालेली. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला सोपवायला तयार झाला होता. हे पुन्हा वाचा. 'अजिंक्य' जंजिरा एकदा वाटाघाटीने मिळण्याच्या बेतात होता.

२२/
ते घडले नाही, कारण सिद्दी संबूल, सिद्दी कासम आणि सिद्दी खैर्यत या तिघांनी फत्तेखानाला कैद केले आणि औरंगजेबाशी संधान बांधले. मोगलांना पश्चिम किनाऱ्यावर आरमार हवे होते. सुरतेचा व्यापार आणि मक्केला जाणारी यात्रेकरूंची जहाजे सांभाळायची होती. सिद्दींना पैसा, जहाजे आणि मान्यता हवी होती. संबूलला 'याकूतखान' हा किताब मिळाला; पुढे तो कासमकडे आला. हा निर्णय तीन माणसांनी एका विशिष्ट वर्षी घेतलेला होता. तो विधिलिखित नव्हता.

२३/
परिणाम लगेच दिसला. १६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासमने मराठ्यांच्या ताब्यातील दंडाराजपुरीवर अचानक हल्ला केला. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि गाव पुन्हा सिद्दीकडे गेले. मोगल इतिहासकार खाफीखानाने हा प्रसंग रंगवून सांगितला आहे.

२४/
शिवाजी महाराजांचे उत्तर दगडाचे होते. जंजिऱ्याच्या वायव्येला, मुरूडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभा राहू लागला. जानेवारी १६७५ मधले महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाकडे रसद आणि पैसा पोहोचवण्यात हयगय करणारा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी त्यात अतिशय कठोर शब्दांत सुनावले. हलगर्जीमागे शत्रूची लाच आहे का, असा संशय व्यक्त केला आणि जातीमुळे कोणाची गय होणार नाही, हेही बजावले. सागरी युद्ध तलवारीइतकेच वेळेवर पोहोचणाऱ्या धान्यावर चालते, हे या पत्रातून कळते.

२५/
१६७६ मध्ये मोरोपंत पेशव्यांनी जंजिऱ्याला वेढा घातला. रात्री तटाला शिड्या लावण्याचे काम लाय पाटील या कोळी प्रमुखाने करून दाखवले; वर चढणारी माणसे वेळेवर आली नाहीत आणि बेत फसला. त्याच्या धाडसाबद्दल महाराजांनी पालखी देऊ केली. दर्यात फिरणाऱ्याला पालखी कशाला, असे तो म्हणाला, तेव्हा त्याला 'पालखी' नावाचे गलबत दिले गेले, अशी कथा सांगतात. बेटाचा आरंभ राम पाटलाच्या नावाने होतो आणि त्याच्यावरचे सर्वांत धाडसी आरोहणही एका कोळ्याच्या नावावर आहे, हे विसरू नये.

२६/
आणि आता आपल्या शहराचे तिसरे नाव. १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांनी जंजिऱ्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली. कोंडाजी फर्जंद सिद्दीच्या चाकरीत गेल्याचे सोंग करून किल्ल्यात शिरला. दारूचे कोठार उडवण्याचा बेत फुटला आणि तो मारला गेला. मग महाराज स्वतः राजपुरीच्या किनाऱ्यावर आले. तोफांचा मारा सुरू झाला. किनारा आणि किल्ला यांमधली खाडी दगड-लाकूड टाकून बुजवण्याचे काम हाती घेतले गेले. समुद्रच हटवायचा, एवढी त्या योजनेची झेप होती.

२७/
मग ती पुरी का झाली नाही? कारण याच वेळी औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये उतरला होता. नोव्हेंबर १६८१ मध्ये तो बुऱ्हाणपूरला पोहोचला. त्याचा सरदार हसनअलीखान १६८२ च्या आरंभी जुन्नरकडून घाट उतरून उत्तर कोकणात घुसला आणि त्याने कल्याणचा प्रदेश जाळायला सुरुवात केली. संभाजी महाराजांना राजपुरी सोडून मागे वळावे लागले. २२ मार्च १६८२ रोजी औरंगजेब औरंगाबादेत दाखल झाला. दादाजी रघुनाथ देशपांडे यांनी वेढा पुढे चालवला, पण जोर ओसरला होता.

२८/
जंजिरा वाचला तो घाटमाथ्यावरून. समुद्रातला वेढा पठारावरच्या फौजेने उठवला. मलिक अंबरच्या व्यवस्थेतून आलेल्या हबशांचा किल्ला, त्याच्यासमोर संभाजी महाराज, आणि त्यांचे लक्ष मागे खेचणारा औरंगजेब. आपल्या शहराची तिन्ही नावे १६८२ च्या त्या काही आठवड्यांत एका खाडीच्या काठी एकत्र आलेली आहेत.

२९/
'अजिंक्य' हा शब्द म्हणून जपून वापरावा. जंजिऱ्याचा तट पाण्यातूनच उठतो, पायथ्याला फौज उतरवायला जागा नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. कलाल बांगडीसारख्या लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. हे सगळे खरे. पण वेढा टिकण्यासाठी हंगामही लागतो. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा वाऱ्या-लाटांनी बंद होतो आणि आरमाराला आसरा शोधावा लागतो. सिद्दीचे आरमार कित्येक पावसाळे इंग्रजांच्या मुंबईत, माझगावला काढी; इंग्रजांची कुरकुर असली तरी बादशहाला दुखवणे त्यांना परवडत नव्हते. तट, तोफ, पाऊस आणि मित्र, या चौघांनी मिळून जंजिरा राखला.

३०/
मैत्री कायमची नव्हती, याचा दाखलाही तिथलाच. १६८९ मध्ये, इंग्रजांनी मोगलांशी युद्ध पुकारल्यावर, याच सिद्दी कासमने मुंबईवर स्वारी केली आणि वर्षभराहून अधिक काळ बेटाचा मोठा भाग दाबून धरला. पुढे १९ एप्रिल १७३६ रोजी चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले आणि सिद्दींची जमिनीवरची ताकद मोडली. बेट मात्र त्यांच्याकडेच राहिले. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

३१/
राजपुरीजवळ खोकरीला तीन दगडी घुमट आहेत. सिद्दी कासम, सिद्दी खैर्यत आणि सिद्दी सिरूलखान यांच्या या कबरी. किल्ल्यासाठी येणारे बहुतेक लोक इकडे वळत नाहीत. आपल्या खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. तिथेही हीच शांतता. आणि त्याच खुलताबादेत, अंबर ज्यांच्याशी लढला त्या मोगलांचा बादशहा औरंगजेबही पुरलेला आहे. खुलताबाद आणि खोकरी एकाच सहलीत पाहणे अवघड आहे; पण एकाच इतिहासाची दोन पाने म्हणून ती वाचता येतात.

३२/
जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात किल्ल्याकडच्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. होडी किल्ल्याजवळ जाईपर्यंत मुख्य दरवाजा नीट दिसत नाही, हे मुद्दाम अनुभवा. दरवाजावर पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प आहे, ते पाहा. होडीवाल्याच्या गोष्टी ऐका. त्या पुरावा नसतात, पण स्थानिक स्मृती कशी घडते ते सांगतात. पश्चिमेच्या तटावरून वायव्येला पद्मदुर्ग दिसतो. दोन किल्ल्यांमधल्या त्या पाण्याकडे निदान दहा मिनिटे पाहावे. आणि दगडावर स्वतःचे नाव कोरू नये. तिथे आधीच पुरेशी नावे आहेत.

३३/
शहराच्या नावावरून आपल्या पिढीने पुष्कळ शब्द खर्च केले. प्रत्येक नावाला आपापली माणसे मिळाली, आणि प्रत्येकाने उरलेली दोन नावे पुसून इतिहास सोपा करून घेतला. राजपुरीच्या खाडीवर ही सोय मिळत नाही. तिथे अंबर समजल्याशिवाय सिद्दी समजत नाही, सिद्दी समजल्याशिवाय संभाजी महाराजांच्या त्या मोहिमेची झेप समजत नाही, आणि औरंगजेबाची चाल समजल्याशिवाय ती मोहीम का अडली, हे कळत नाही.

३४/
आपण आदर कोणाचा करावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या शहराने दिलेही आहे. अभ्यास मात्र तिघांचाही करावा लागतो. मराठवाड्यातील मुलामुलींना समुद्राचा इतिहास परका वाटू नये, यासाठी हा थ्रेड. नहरीचे पाणी पठारावरचे असले, तरी ती खोदवणारा माणूस समुद्र ओलांडून आला होता.

३५/
तुमच्या गावातून कोकणात उतरणारी एखादी जुनी घाटवाट, बैलांच्या तांड्यांचा मार्ग किंवा मिठाच्या व्यापाऱ्यांची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असेल, तर खाली जरूर लिहा. पुढचा थ्रेड नाणेघाटावर : सातवाहनांच्या राणीचा शिलालेख, दगडी रांजण आणि पैठणहून समुद्राकडे निघालेल्या मालाची वाट.